वसंतने लावलेला हुक

मागच्या महिन्यात आमच्या मजल्यावरचा एक तरुण गृहस्थ पेढे घेऊन आला. डिझेल पिकअप घेतली म्हणाला, मागे खाण्याच्या पदार्थांची चाकांवरची टपरी जोडून ओढत न्यायची आहे. मोबाइलवर फोटो दाखवले, इंजिनाची ताकद किती ते आकड्यांत सांगितलं. मी विचारलं, खाली शिरून बघितलीस का? तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काका, खाली काय बघायचं असतं?"

मला खरंच धक्का बसला. माझी उभी हयात गाड्यांच्या खाली उताणं पडून गेली, आणि लोक आता गाडी न बघता गाडी घेतात. पेढा तोंडात तसाच फिरत राहिला. पण रात्री कॉटवर पडल्यावर कबूल केलं, की हा धक्का घ्यायचा मला फारसा अधिकार नाही. ते का, हेच इथे सांगायचं आहे.

मी तीस वर्षं लालबागमध्ये डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवलं. दुरुस्ती करायचोच, पण माझं खरं नाव झालं ते जुन्या गाड्या 'बघून देण्यात'. कुणाला सेकंडहँड डिझेल गाडी घ्यायची असली, त्यातून ती ओढकामाला हवी असली, तर लोक म्हणायचे, सदाला घेऊन जा. मुलगी बघायला जाताना आत्याबाईला नेतात, तसे मला न्यायचे. चहा दोन्हीकडे मिळतो, पण आत्याबाईंना कुणी मुलीच्या खाली शिरायला सांगत नाही.

गाडी बघायची ती सकाळी, थंड असताना. विकणारा तुमच्या आधी सुरू करून ठेवतो, म्हणून आधी बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं की समजायचं, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते म्हणून याने आधीच सेल्फ मारून घेतला आहे. मग चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण उघडायचं. आतून भसाभसा वाफारे आले तर इंजिन दमलेलं आहे. धूर काळा असला तर डिझेल नीट जळत नाही, निळा असला तर ऑइल जळतंय. इतकं तर आता शाळेतली पोरंही सांगतील. पण ओढकामाची गाडी वेगळी. ती किती पळते हे बघायचं नाही. चढावर, पहिल्या गिअरमध्ये, मागे ओझं बांधून मुंगीच्या पावलाने चढते का, आणि मुख्य म्हणजे उतारावर त्या ओझ्यासकट थांबते का, हे बघायचं. लोक ओढण्याचं विचारतात, थांबण्याचं कुणी विचारत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. गिरगावातला एक बँडवाला होता, त्याला वरातीत जनरेटरची ट्रॉली ओढायला पिकअप हवी होती. मी दोन गाड्या काढल्या, त्याने तिसरीच पसंत केली, कारण तिचा हॉर्न म्हणे सुरात होता. मी त्याला समजावलं, बाबा, वरात तासाला अर्धा मैल जाते, नवऱ्यामुलाचे मित्र दर दहा पावलांवर नाचायला थांबतात, इंजिनाला वारा लागत नाही, तुला रेडिएटर मोठा पाहिजे. त्याने ऐकलं नाही. तिसऱ्याच वरातीत गाडीने असा वाफारा सोडला की घोडा बिथरला आणि नवरामुलगा बँडवाल्याच्या ढोलावर बसला. दुसऱ्या दिवशी बँडवाला येऊन मलाच म्हणतो, तुम्ही जोर करून सांगायला हवं होतं. मी थक्क. दादरच्या एका फुलवाल्याने तर नंबरची बेरीज नऊ आली म्हणून इंजिन न बघताच गाडी घेतली होती, आणि ती गाडी सव्वीस वर्षं चालली. या धंद्यात अशा थप्पडाही खाव्या लागतात.

पण या गमतीजमती. मूळ गोष्ट त्याच्या आधीची, गिरणी संपाच्या वेळची.

मी गिरणीत फिटर होतो. आमच्या गिरणीत वीज गेली की चालवायचं एक डिझेल इंजिन होतं, त्याचं तेलपाणी माझ्याकडे. एवढंच माझं डिझेलचं शिक्षण. वसंत त्याच गिरणीत साचेखात्यात, मागावर विणकर. आम्ही दोघं मालवणकडचे, एकाच वाडीतले, गाववाल्यांच्या गाळ्यावर एकाच खोलीत राहिलेले. संपाला वर्ष उलटलं तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं, की भोंगा काही आता आपल्यासाठी वाजत नाही. मग जो तो काहीतरी झाला. कुणी आचारी झाला, कुणी वायरमन. मी झालो डिझेल मेकॅनिक. वसंतने भायखळ्याच्या एका दुकानात तीन महिने राबून वेल्डिंग शिकून घेतलं आणि एक जुनं मशीन आणलं.

त्या दिवसांत आमच्यात एक रीत पडली होती. कुणी ठरवली नव्हती, पण सगळे पाळायचे. संपातल्या माणसाला, तुला हे काम खरंच येतं का, असं विचारायचं नाही. तो वायरमन म्हणाला तर वायरमन. आपल्या घरची वायर त्यालाच ओढायला सांगायची, आणि दिवा लागला नाही तर गुपचूप दुसऱ्याकडून नीट करून घ्यायची. विचारलं तर त्याचं उरलंसुरलं अवसान जायचं, आणि उद्या त्यानेही आपल्याला विचारलं असतं. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी मेकॅनिक झालो, हे मी विसरलेलो नाही.

गॅरेज काढून महिना झाला नसेल, तेव्हा वरळी कोळीवाड्यातून हिराबाई आल्या. मासळीचा धंदा करणारी बाई, आवाज असा की रस्त्यापलीकडचा कावळाही उडावा. घरच्या दोन होड्या होत्या, नवरा गणपत समुद्रावर जायचा. पावसाळ्याआधी होड्या ओढून वर काढायच्या, एरवी बर्फ आणि मासळी वाहायची, अशा दोन्ही कामांना त्यांना डिझेल पिकअप हवी होती. तोवर होड्या माणसंच ओढत. पण वाड्यातले तरुण नोकऱ्यांना लागले होते, दोरीला हात कमी पडत होते.

"दादा, गाडी ओढनारी पायजे," त्या म्हणाल्या. "नुसती पलून काय कराचं?"

मी मनात म्हटलं, बाईला अक्कल आहे. हे माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं. इथे नाव झालं तर सगळा कोळीवाडा आपला, आणि नाही झालं तर पुन्हा गिरणीच्या दारात जाऊन बसायचं.

आठ दिवस हिंडून मी वडाळ्याच्या पलीकडे एक पिकअप काढली. जीपच्या सांगाड्यावरची, मागे छोटा हौदा. सकाळी थंड असताना गेलो. पहिल्या सेल्फला सुरू झाली. झाकण उघडलं तर आत श्वास शांत. आवाज इतका गोल, की मला आमच्या गिरणीतलं इंजिन आठवलं आणि मी तिथेच विरघळलो. खाली शिरलो. चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, ताजा काळा रंग दिला होता. दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या हातोडीने ठोकल्या, टणटण वाजल्या. मागचा आडवा बीम तेवढा ठोकला नाही. हात पुरत नव्हता, शर्ट धुतलेला होता, आणि इंजिनाने माझं मन आधीच जिंकलं होतं. ही गाडी आधी काय वाहायची हेही मी विचारलं नाही. त्या बाजूला मिठागरं आहेत, हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

हिराबाईंनी गाडी घेतली. ओढायला मागे मजबूत हुक हवा, तो लावायला मी वसंतला सांगितलं. त्याचंही ते पहिलं मोठं काम. त्याने मागच्या आडव्या बीमला हुक लावला. अर्धा दिवस गाडीखाली होता. बाहेर आला तेव्हा काहीतरी बोलणार असं मला वाटलं, पण बोलला नाही. मी वेल्डिंगवर एक नजर टाकली आणि चांगलं झालंय म्हणालो. वेल्डिंग चांगलं की वाईट हे मला तेव्हा कळतही नव्हतं.

होड्या काढायच्या दिवशी सकाळी मी स्वतः स्टिअरिंगवर बसलो. वसंतही आपला हुक बघायला आला होता. वाळूच्या चढावर तेल लावलेले लाकडी ओंडके टाकायचे, त्यांच्यावरून होडी सरकवत आणायची, आणि ती पुढे येईल तसा मागचा ओंडका उचलून पुढे टाकायचा, अशी पद्धत. लहान होडी लोण्यासारखी वर आली. बायकांनी कौतुक केलं, कुणी माझ्या हातात नारळ दिला. मी फुगलो होतो.

मोठी होडी निम्म्या चढावर आली आणि गाडी एकदम हलकी झाली. पुढे उसळलीच. क्षणभर, मी खोटं सांगत नाही, मला वाटलं होडी वर आली. मी हसलो असेन बहुतेक. मग मागून जो आवाज आला तो माणसाचा आहे हे कळायलाही मला वेळ लागला. हुक दोरासकट निघून आला होता, होडी परत खाली घसरली होती आणि ओंडका उचलायला मागे वाकलेला गणपत तिच्या आणि ओंडक्याच्या मध्ये सापडला होता.

त्याचा गुडघा मी बघितला. त्याबद्दल लिहीत नाही.

त्याच पिकअपच्या हौद्यात घालून आम्ही त्याला परळला इस्पितळात नेलं. दिवसभर गाडी इस्पितळाच्या फाटकाशी उभी होती आणि मी तिच्या पुढच्या बाजूला उभा होतो. मागे जाऊन फाटलेली जागा बघायला दहा पावलं पुरली असती. मी ती टाकली नाहीत. तेव्हा मला वाटायचं, धक्क्याने सुचलं नाही. आज वाटतं, चांगलं सुचत होतं.

संध्याकाळी कोळीवाड्यात परतलो. पाय वाचेल पण गुडघा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे गणपतला होडीत उभं राहणं संपलं. अंगणात माणसं जमलेली, वसंत कुंपणाला टेकून उभा. हिराबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "हुक कुनी लावला?"

मी म्हणालो, "हुक वसंतने लावला. मी फक्त गाडी बघून दिली."

यातला शब्द न् शब्द खरा होता. वसंतने माझ्याकडे बघितलं, हिराबाईंकडे बघितलं, आणि काही न बोलता निघून गेला. त्याच्या जागी मी असतो तर आकाशपाताळ एक केलं असतं. त्याचं गप्प राहणं मी कबुली म्हणून धरलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

गाडी भंगारात काढा, अपशकुनी आहे, असा सल्ला हिराबाईंना मीच दिला. अपशकुनावर माझा काडीचा विश्वास नाही.

पुढे लालबागमध्ये वसंतला कुणी काम देईना. खिडकीची जाळी लावायची असली तरी लोक म्हणायचे, नको रे, तो होडी सोडणारा. वर्षाच्या आत त्याने मशीन विकलं आणि मसाल्याच्या डंखावर कामाला लागला. डंख म्हणजे मिरच्या कुटायचं यंत्र. दिवसभर तिखटाच्या धुरळ्यात उभं राहायचं. त्याचे डोळे कायम लाल असत. रस्त्यात भेटलो की आम्ही गावच्या पावसापाण्याचं बोलायचो. माझं गॅरेज मात्र चाललं. सदाने गाडी एक नंबर दिली होती, हुकाने घात केला, असं लोक म्हणायचे, आणि मी खाली मान घालून पाना फिरवायचो.

चार-पाच वर्षं गेली. हिराबाईंनी मुलीच्या हळदीला बोलावलं. त्यांनी माझ्यावर कधी राग धरला नव्हता. गणपत ओटीवर पाय लांब करून जाळं विणत होता. अंगणात सुकत घातलेली जाळी वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वजनं ठेवली होती. त्यांतलं एक निळं होतं. होडीचा उरलेला रंग लावलेलं. मी सहज पायाने सरकवलं आणि थबकलो. तो हुक होता.

तोवर माझ्या हाताखालून शेकडो वेल्डिंग गेली होती, आता मला ती वाचता येत होती. हुकाच्या बुडाशी वसंतचं वेल्डिंग होतं. एकसारख्या लाटा, कुठे तडा नाही, कुठे पोकळी नाही. ते सुटलंच नव्हतं. त्याला तळहाताएवढा पत्रा अजून चिकटलेला होता, बीमचा. त्याच्या कडा कागदासारख्या पातळ, आणि रंगाखालून खारी बिस्किटासारखे गंजाचे पापुद्रे सुटलेले. बीम मिठाने खाल्ला होता. तो मी ठोकला नव्हता. कोळीवाड्यातल्या लोकांना हुक निघाला एवढंच दिसलं होतं, आणि ज्याला पुढचं दिसायला हवं होतं तो फाटकाशी गाडीच्या पुढे उभा होता.

हुक उचलून मी पिशवीत घातला. हळदीचं जेवण तसंच टाकून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डंखावर गेलो. वसंतने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. माझ्या हातात हुक होता. त्याने तो बघितला आणि मुळीच दचकला नाही. दचकलो मी.

"तुका म्हायत होता?" मी विचारलं.

"त्याच दिवशी," तो म्हणाला. "तू गणपताक घेवन गेलंस, मी हुक उचलून बघलंय. माझा वेल्डिंग तसाच होता, बीम फाटललो."

मग बोललास का नाही, असं मी ओरडूनच विचारलं असणार, कारण मिरच्या घेऊन आलेल्या बायका वळून बघायला लागल्या. वसंतने मला बाजूला नेलं. वेल्डिंग मारतानाच पत्रा पातळ लागला होता, त्याने सांगितलं. एके जागी भोकच पडलं, ते त्याने भरून घेतलं. तेव्हाच मला हाक मारायला हवी होती. पण गाडी मी पास केलेली. वर्षा-दीड वर्षापूर्वीपर्यंत साच्यावर उभा राहणारा माणूस, मेकॅनिकच्या शब्दावर कसा बोलणार? आमची रीत त्यानेही पाळली होती. म्हणून थोडा दोष आपलाही आहे, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

"मगे मी वाट बघलंय," तो म्हणाला. "म्हटलंय, सदा येतलो, विचारतलो. विचारल्यान तर सांगतलंय. तू इलंसच नाय."

तू आलाच नाहीस. एवढंच म्हणाला आणि फडकं पुन्हा तोंडावर बांधून कामाला लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिथे सगळ्यांच्याच वाहत असतं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

मी हिराबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. गणपत जाळ्यावरून नजर न काढता ऐकत होता. हिराबाईंनी हुक हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "मना सांगून काय? जा, लालबागला जाऊन सांग." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः टोपलीत पापलेटं घेऊन डंखावर गेल्या आणि वसंतच्या पुढ्यात ठेवून आल्या.

मीही सांगितलं. चहाच्या दुकानात, चाळीच्या कट्ट्यावर, मंडळाच्या बैठकीत. हुक दाखवला. लोकांनी ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, सदा, तू फार मोठ्या मनाचा, मित्राची चूक अंगावर घेतोस. एकजण म्हणाला, वेल्डिंग काय, नंतरही मारता येतं. मला वाटलं होतं लोक माझ्या तोंडावर थुंकतील, गॅरेजकडे फिरकणार नाहीत. उलट गिऱ्हाईक वाढलं. इतका प्रामाणिक माणूस गाडी बघून देतो म्हणाले. अशी थोबाडीत मी जन्मात खाल्ली नव्हती. वसंतला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला, खूप हसला, पण वेल्डिंगचं काम त्याच्याकडे एकही आलं नाही. पुढे डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा त्याच्या मुलीने त्याला गावी नेलं. तिथेच तो गेला, दोन वर्षं होतील.

तोंडी सांगितलेलं लोक आपल्या सोयीने ऐकतात, हे तेव्हा कळलं. म्हणून आता छापून देतो आहे. मी मोठ्या मनाचा नाही. वडाळ्याच्या पलीकडची ती पिकअप मी निवडली. तिचा मागचा बीम गंजलेला होता आणि मी तो ठोकून बघितला नाही. गणपतचा गुडघा माझ्यामुळे गेला. वसंतचं वेल्डिंग सुटलं नव्हतं.